विषम तारखेला पिवळा झेंडा

ऑरेगन राज्यात आपल्या गाडीत आपल्या हातानं पेट्रोल भरणं हा गुन्हा होता. माणसानं जंगलात करवत चालवावी, अस्वल मारावं, तीनदा लग्न करावं, सरकारची हरकत नव्हती. पंपाची नळी मात्र पगारी माणसानंच धरायची. कायदा लोकांच्या सुरक्षिततेसाठी आहे असं सांगत. त्यातून प्रत्यक्षात एवढंच साधलं होतं, की फर्न क्रीकमधल्या काही पोरांना शाळा सुटल्यावर नोकरी मिळे आणि उरलेल्यांना त्यांच्याशी गप्पा मारायला एक जागा.

लॉर्ना हौगेन प्रिचर्डच्या पंपावर लागली ती चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत, सतराव्या वर्षी. अरबांनी तेल बंद केलं होतं आणि गावात त्याआधी कुणी अरबांचा फारसा विचार केलेला नव्हता. तिच्याआधी पंपावर डेनी लॉफ्टस होता. वीस वर्षांचा, उमदा, दोस्तांच्या शब्दाबाहेर नसलेला. त्यानं दोस्तांना बारी सोडून टाक्या भरून दिल्या. मालकानं, एल्डन प्रिचर्डनं, त्याला त्याच दिवशी काढलं आणि डेनी लाकडाच्या गिरणीत लागला.

लॉर्ना काम मागायला गेली तेव्हा एल्डन एका ट्रकखाली झोपला होता. मुलाखत त्यानं तिथूनच घेतली.

"मित्र-मैत्रिणी किती आहेत तुला?"

"दोघी-तिघी."

"गाड्या आहेत त्यांच्याकडे?"

"नाहीत."

"मग उद्यापासून ये." थोड्या वेळानं ट्रकखालून पुन्हा आवाज आला, "मार्चअखेरपर्यंत बघू. बारी सोडून एक गॅलन जरी कुणाला दिलंस, तर तिथून सरळ घरी. मग तो पोप का असेना."

फर्न क्रीकमध्ये सगळे लूथरपंथी. पोप येण्याची शक्यता कमी होती. लॉर्नाला अट सोपी वाटली.

याआधी ती दंतवैद्याची तीन मुलं सांभाळायची. तिघांचेही दात उत्तम होते आणि त्याचे पुरावे लॉर्नाच्या दंडावर होते. पंपावरची नोकरी गेली तर पुन्हा तेच दात. पण तिला ही नोकरी टिकवायची होती ती तेवढ्यासाठी नाही. घरात ती चौघांत तिसरी, वर्गात शेवटच्या बाकावरची. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसऱ्या कुणाचं तरी सुरू झालेलं असे. पंपावर मात्र तिनं हात वर केला की बँकेचा मॅनेजर गाडी थांबवायचा. ती म्हणायची, "तुमचा नंबर विषम आहे, आज सम तारीख. उद्या या." आणि तो उद्या यायचा! सबंध गावात तिच्या 'नाही'ला किंमत असलेली तेवढी एकच जागा होती, आठ पावलं लांब आणि पाच पावलं रुंद.

पद्धत अशी. नंबरप्लेटचा शेवटचा आकडा विषम असेल तर विषम तारखेला पेट्रोल, सम असेल तर समला. त्यावर पुन्हा झेंडे. खांबावर हिरवा असला की ज्याची बारी त्याला मिळणार. पिवळा म्हणजे फक्त आणीबाणीच्या गाड्या, रुग्णवाहिका, आगीचा बंब, दूधवाला. लाल म्हणजे टाकी कोरडी, घरी जा. पंप दुपारी तीन ते पाच उघडा, शनिवारी मात्र सकाळी आठला; एरवी रांग दोनलाच लागे. रांगेत विणकाम होई, सोयरिकी जुळत, एकदा तर एक घर विकलं गेलं. रांग सोडली की जागा गेली, हा नियम कुणी लिहिलेला नव्हता. म्हणूनच तो कुणी मोडत नसे.

शाळेत दर शुक्रवारी मिस्टर स्ट्राउड यांचा चालू घडामोडींचा तास असायचा. प्रत्येकानं वर्तमानपत्रातलं एक कात्रण आणायचं, उभं राहून वाचायचं आणि मत द्यायचं. मिस्टर स्ट्राउड यांची इच्छा होती की पोरांनी राज्यघटनेबद्दल बोलावं. पण त्या फेब्रुवारीपासून देशभर कॉलेजांतली तरणी माणसं अंगावरचे कपडे उतरवून, पायात बूट आणि डोक्यात टोपी घालून चारचौघांतून धावत सुटायला लागली होती. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणजे ती फॅशन होती. पंधरा मार्चच्या शुक्रवारी अठ्ठावीस कात्रणांपैकी एकोणीस त्याच विषयावरची निघाली.

"देशाचा राष्ट्राध्यक्ष कोर्टाला आपल्या बोलण्याच्या टेपा द्यायला तयार नाही," मिस्टर स्ट्राउड कडाडले, "आणि तुम्हाला नागवी माणसं सुचतायत?"

"सर, ज्याच्याकडे लपवायला काही नाही तो तसा धावतो," मागून कुणीतरी म्हणालं.

लॉर्नानं नेहमीप्रमाणे तेलाचं कात्रण आणलं होतं. तेलवाल्या देशांचे मंत्री बंदी उठवायचा विचार करताहेत, अशी चार ओळींची बातमी. ती वाचून ती खाली बसली. "कुणाला काही विचारायचंय?" मिस्टर स्ट्राउड म्हणाले. कुणाला नव्हतं. तिलाच एक प्रश्न होता, पण तो वर्गात विचारण्यासारखा नव्हता. पेट्रोल मुबलक झालं, तर नाही म्हणायला माणूस कशाला ठेवतील?

तीन वाजता ती पंपावर पोचली तेव्हा रांगेत एकतीस गाड्या होत्या. एल्डन घाऊक डेपोवर आणखी शंभर गॅलनसाठी हातापाया पडायला गेला होता. तिनं हिरवा झेंडा चढवला, पिवळा आणि लाल घडी करून पंपाशेजारच्या खिळ्याला अडकवले आणि काम सुरू केलं.

नवव्या गाडीकडे तिची नजर गेली आणि तिथंच राहिली. वाटाण्याच्या रंगाची, लांबलचक, डिकीचं दार तारेनं बांधलेली स्टेशन वॅगन. तिच्या वडिलांची. आत तिचा मोठा भाऊ कर्टिस. त्याच्या बेलबॉटमच्या एका पायात लॉर्ना आख्खी मावली असती. गाडीतली एकच वस्तू धड चालायची, ती म्हणजे टेप; तो मोठ्यानं चालू होता.

गाडी चौथ्या नंबरावर आली तशी ती फडकं खांद्यावर टाकून खिडकीशी गेली.

"कर्टिस, आज पंधरा."

"बरं मग?"

"पंधरा विषम. पपांच्या गाडीचा शेवटचा आकडा चार."

कर्टिसनं टेप बंद केला. तोंडातल्या तोंडात तो काहीतरी मोजत होता. मग त्याचा चेहरा लहानपणी शेजारच्यांची काच फोडल्यावर झाला होता तसाच झाला.

"काल चौदा होती," तो म्हणाला.

"पंधराच्या आधी बहुधा तीच असते."

"अगं, ठरलं कालचंच होतं! त्याची गिरणीत जादा पाळी निघाली, म्हणून आजवर ढकललं. हे डोक्यातच आलं नाही."

"काय ठरलं होतं? कुणाची पाळी?"

"काही नाही. तू जा, तुझं काम कर." काट्याकडे बोट दाखवून तो पुढं कळवळून म्हणाला, "लॉर्ना, हा केव्हाचा तळाला टेकलाय. इथवर रांगेत सरकता सरकताच उरलंसुरलं संपलं."

"मग रांगेतून बाहेर निघ."

पण डावीकडं भिंत होती, उजवीकडं नाला, मागं सत्तावीस गाड्या. निघायचा रस्ता एकच, पंपासमोरून. लॉर्ना परत गेली. तिला एवढं कळलं की काहीतरी शिजतंय. काय, ते कळायला वेळ लागला नाही.

वाचनालयाच्या बाजूनं आधी टाळ्या ऐकू आल्या, मग शिट्ट्या, मग भोंगे. पाठोपाठ रस्त्याच्या मधोमध एक उंच इसम धावत आला. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यात शिकाऱ्यांची नारिंगी माकडटोपी. या दोहोंच्या मध्ये परमेश्वरानं दिलं होतं तेवढंच. ती टोपी लॉर्नाच्या आईनं विणलेली होती. चर्चच्या विक्रीत अशा बावीस खपल्या होत्या. टोपीमुळं आपण त्याला ओळखलं नाही, असं पुढं सगळ्या गावानं सांगितलं. पण त्या वेळी निदान तीन गाड्यांतून आरोळी आली होती, "डेनी, पळ!"

लॉर्नानं चटकन डोळ्यांवर फडकं घेतलं. फडक्याला ऑइलचा वास होता. ते बाजूला केलं तेव्हा वॅगनचं मागचं दार धाडकन बंद होत होतं आणि वॅगन नेमकी तिच्या पंपापुढं येऊन थांबली होती. कर्टिसनं चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा त्यानं तेवढीही तसदी घेतली नाही.

पैज गिरणीतल्या पोरांशी लागली होती, वाचनालय ते प्रिचर्डचा पंप, भर दिवसा. बेत साधा होता. कर्टिसनं रांगेत उभं राहायचं, म्हणजे कुणाला संशय नको. टाकी भरून घ्यायची. डेनी मागं शिरला की निघून जायचं. तारीख बदलली. नंबरप्लेट बदलली नाही. मुहूर्त चुकला म्हणजे काय, हे त्या दोघांना प्रिचर्डच्या पंपासमोर कळत होतं.

मागच्या सीटवर डेनी चर्चच्या पत्रकांखाली आडवा झाला होता. पत्रकं चारच होती.

"लॉर्ना," सीटवरून आवाज आला, "एक गॅलन."

"आज विषम तारीख."

"अर्धा. अगं, आपण एकाच पंपावर काम केलंय!"

"असंच देत होतास, म्हणूनच तू आता इथं करत नाहीस."

रांग अस्वस्थ झाली. नागव्या माणसाबद्दल कुणाची फारशी तक्रार नव्हती. तक्रार ही होती की तो पंप अडवून बसलाय. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मिसेस ओडेल यांनी खिडकीतून विणकामासकट डोकं बाहेर काढलं.

"पोरी, दे त्याला थोडं. न्यूमोनिया होईल. ही आणीबाणीच म्हणायची."

"आणीबाणी पिवळ्या झेंड्यात," मागचा न्हावी ओरडला. "आता हिरवा आहे. हिरव्यात नंबरानं. मला काल परत पाठवलं होतं हिनं, तेव्हा माझी बायको माहेरी अडकली होती!"

"तुझ्या बायकोच्या अंगावर कपडे होते ना?"

"त्याचा इथं काय संबंध?"

गावातला कायदा म्हणजे डेप्युटी फेरिस. तो अकरा गाड्या मागं, सुट्टीवर, स्वतःच्या निळ्या पिकअपमध्ये बसला होता. चाळीस मिनिटं रांगेत घालवल्यावर त्याच्या पुढं मोठा पेच होता. खाली उतरला तर कर्तव्य, पण जागा जाणार. त्यानं खिडकीची काच खाली केली.

"लॉर्ना! माणूस गाडीच्या आत आहे का?"

"आहे."

"दार बंद आहे?"

"आहे."

"मग तो सार्वजनिक जागी नाही," डेप्युटी म्हणाला आणि काच वर केली. पुन्हा ती खाली आली. "पण माझी बारी येईपर्यंत तो तिथंच दिसला, तर मला उतरावं लागेल. गाडी पण ओढून न्यावी लागेल."

कर्टिस खिडकीतून वाकला. त्याचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "लॉर्ना, उद्या पपांना याच गाडीनं पाळीला जायचंय. डेप्युटीनं गाडी नेली तर मला घरात पाय ठेवता येणार नाही. एक गॅलन, बस्स. एल्डन इथं आहे का? कुणाला कळणार?"

हे तो तीस गाड्यांच्या देखत म्हणत होता.

लॉर्नाच्या हातात नळी होती. टोपण चार बोटांवर होतं. आत तिचा भाऊ होता, गाडी बापाची होती आणि सगळी रांग तिच्याकडे बघत होती. न्हावी बघत होता, मॅनेजर बघत होता, काल परत गेलेले सगळे बघत होते. आत्ता भरलं, तर उद्यापासून तिच्या 'नाही'ला दंतवैद्याच्या घरातल्याइतकीच किंमत.

"नाही," ती म्हणाली. आवाज फुटला, म्हणून तिनं ते पुन्हा नीट म्हटलं. "नाही मिळणार. गाडी ढकला."

"ढकला? कोण ढकलणार? मी स्टिअरिंगवर आहे."

"मागं एक धडधाकट माणूस आहे."

मागच्या सीटवरची चार पत्रकं हलली. "मी असा?" डेनी किंचाळला. "असा ढकलू?"

"आलास तसाच."

रांगेतून कुणी मदतीला उतरेना, जागा जायची. कोपऱ्यापर्यंत चाळीस पावलं, पुढं नदीपर्यंत उतार. वॅगन तिथवर पोचली तर आपोआप हौगेनांच्या दारात जाऊन थांबली असती. लॉर्ना खिळ्याकडे वळली. हिरवा वर फडकत होता, तो काढता येत नव्हता. लाल कोणत्याही क्षणी लागेल. राहिला पिवळा. तिनं तो अर्धवट उघड्या दारातून आत सारला, पाठमोरी राहून.

मिनिटभरानं डेनी लॉफ्टस खाली उतरला. कमरेला 'फक्त आणीबाणीच्या वाहनांसाठी' असा अधिकृत पिवळा झेंडा, डोक्यात नारिंगी माकडटोपी. त्यानं खांदा लावला. वॅगन करकरली, हलली, चालायला लागली. रांगेतल्या सगळ्या गाड्यांनी भोंगे वाजवून सलामी दिली. मिसेस ओडेल यांनी शेवटपर्यंत मान वळवली नाही. टाकेही चुकले नाहीत, असं त्या पुढं सांगत. डेप्युटी फेरिस एक गाडी पुढं सरकला.

"नेक्स्ट," लॉर्ना म्हणाली.

साडेचारला तिनं जमिनीखालच्या टाकीत मोजकाठी सोडली. पातळी खुणेच्या खाली गेली होती. खुणेखालचं पेट्रोल रुग्णवाहिकेचं, बंबाचं, दूधवाल्याचं. इथं पिवळा झेंडा लावायचा, आणि पिवळा झेंडा नदीकाठी कुठंतरी डेनी लॉफ्टसच्या कमरेला होता. हिरवा ठेवला तर रांगेतल्या नऊ गाड्या रुग्णवाहिकेचं पिऊन जातील. लाल लावला तर रुग्णवाहिकाच परत जाईल. ती दोरी धरून उभी राहिली. एल्डनचा ट्रक वळणावर दिसला तेव्हाही ती तशीच उभी होती.

एल्डन उतरला. काठीकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, रिकाम्या खिळ्याकडे बघितलं.

"पिवळा कुठंय?"

तिनं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही गाळलं नाही, भावाचं नावही नाही. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपलं वाक्य कुणी मध्येच तोडत नाहीये.

एल्डननं टोपी काढून डोकं खाजवलं. "गाडी तुमची."

"हो."

"आत भाऊ."

"हो."

"एक गॅलन?"

"नाही."

"अर्धा?"

"नाही."

"थेंब?"

"डेनीनं नळी झटकून दे म्हटलं होतं. तेही नाही."

एल्डन ऑफिसात गेला. आत कपाट उघडल्याचा आवाज झाला. लॉर्नाला वाटलं, हिशेब करून पाकीट आणतोय. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात त्याचा स्वतःचा रेनकोट होता, पिवळा, मासेमारांचा, पाठीवर डांबराचा डाग असलेला. त्यानं हिरवा उतरवला, रेनकोटाची कॉलर दोरीला बांधली आणि वर ओढला. खांबावर एक बिनडोक्याचा पिवळा माणूस हात पसरून झुलायला लागला. उरलेल्या नऊ गाड्यांनी अर्थ ओळखला आणि मुकाट्यानं वळल्या. डेप्युटीची टाकी आधीच भरली होती.

"उद्या सोळा," एल्डन म्हणाला. "सम आहे, गर्दी असेल. आठला ये."

लॉर्नाला एकदम भुकेची आठवण झाली. जॅकेटच्या खिशात दुपारचं सँडविच चेपून सपाट झालं होतं. ते तिनं पंपाला टेकून, उभ्या उभ्या, कागदाला चिकटलेल्या मोहरीसकट संपवलं. इतकं चांगलं सँडविच आपल्या आईनं याआधी कधी केलं नव्हतं, असं तिला वाटलं.

वॅगन उतारानं थेट दारात गेली होती. शनिवारी सकाळी आठला ती, कर्टिसनं आणि डेनीनं चढावरून ढकलत आणलेली, रांगेत पहिली होती आणि स्टिअरिंगवर लॉर्नाचे वडील होते. तिनं टाकी भरली, काच पुसली, ऑइल बघितलं. "तू कर्टिसला नाही म्हणालीस म्हणे," वडील म्हणाले. घरात त्यांनीसुद्धा ते फार वर्षांत केलं नव्हतं. मग ते पाळीला गेले.

पिवळा झेंडा सोमवारी परत आला, धुतलेला, कांजी केलेला, इस्त्री मारून चौकोनी घडी घातलेला. आणून देणाऱ्या डेनीच्या आईनं एवढंच विचारलं की हा आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांत कसा. एल्डननं वाऱ्यावर ढकललं. त्याच दिवशी रेडिओवर बातमी आली. अरबांनी बंदी उठवली.

लॉर्नाच्या गावात ज्यानं त्यानं सुटकेचा नि:श्वास टाकला, तिनं सोडून. पुढच्या काही आठवड्यांत रांग विसावर आली, मग आठावर. सोयरिकी पुन्हा चर्चमध्ये जुळायला लागल्या. मार्च संपला. एकतीस तारखेला एल्डन काही बोलला नाही. लॉर्नाही बोलली नाही, आठवण करून दिल्यासारखं व्हायला नको म्हणून. एप्रिलात एका दुपारी तो शिडी घेऊन आला आणि खांबावरची दोरी सोडायला लागला. तिन्ही झेंडे त्यानं एका खोक्यात टाकले.

"उद्यापासून हे नकोत."

"आणि मी?" लॉर्नानं विचारलं. त्या शुक्रवारी वर्गात न विचारलेला प्रश्न तो हाच.

एल्डन शिडीवरून वाकून तिच्याकडे बघायला लागला. खरंच कळलं नाही, असं त्याच्या तोंडावर होतं.

"तू काय झेंडा आहेस का?" तो म्हणाला. "शिडी धर."

तिनं शिडी धरली.